परत गेली तरी पुन्हा फोन उचलणारी माणसं: १८१ आणि मोफत वकिलांबद्दल माझा अभिप्राय

माझं गोव्यात फोंड्याला लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. आज लिहिते आहे ते १८१ या महिला हेल्पलाइनबद्दल, आणि त्या फोननंतर भेटलेले संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली बाईच्या मदतीसाठी नेमलेले) व मोफत वकील यांच्याबद्दल. जरा लांबेल. पण जिला गरज आहे ती बाई बहुतेक हे वाचणार नाही, तिच्या हातात फोन फार वेळ राहत नाही. तिची बहीण, शेजारीण, नणंद, शिक्षिका वाचतील, त्यांच्यासाठी लिहिते.

फोन मी एका गिऱ्हाइकासाठी केला. ती समोर बसली होती आणि तिने हो म्हटल्यावरच केला. तिची ओळख पटेल असं काही इथे नाही. लिहिण्याआधी तिला विचारलं, लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. दोन गोष्टी तिने काढायला सांगितल्या, त्या काढल्या.

आमच्या धंद्यात मापांची वही असते. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान: छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, आणि कडेला तारीख. तिच्या पानावर बाही आधी पाच इंच होती. मग दहा झाली. मग एप्रिलच्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाही मागितली आणि मागचा खोल गळा बंद करून घेतला. कुणाची आवड बदलते, हे मला कळतं. पण दंडाला टेप लावली की ती श्वास धरून उभी राहायची, आणि टेप काढली की विनाकारण हसायची. चवथीच्या आधीची गर्दी ओसरली तेव्हा एका दुपारी दुकानात आम्ही दोघीच होतो. मी एवढंच म्हटलं, "बाय, दुखतंय का कुठे?" ती बराच वेळ बोलत राहिली.

ऐकायला सोपं नव्हतं, कारण ते सरळ येत नव्हतं. मधलंच आधी, आधीचं शेवटी. मध्येच नवऱ्याची बाजू घ्यायची: "मावशी, तसा मनाने वाईट नाही हो, मुलांना कधी काही कमी केलं नाही." तारीख विचारली तर गोंधळायची. याआधी ती एकदा पोलीस ठाण्यात गेली होती. कुठल्या ते लिहीत नाही. तिथे बाहेरच्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर तिला बोलायला लावलं, आणि तारखा जुळेनात म्हणून टेबलावरचा माणूस म्हणाला, "आधी नीट आठवून या." मग नवऱ्याला बोलावून दोघांना शेजारी बसवलं, चहा पाजला, "नवरा-बायकोत होतंच, समजून घ्या" असं सांगून घरी पाठवलं. त्या रात्री घरी काय झालं असेल ते कुणीही ओळखावं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचं कलम ५ सांगतं की तक्रार घेणाऱ्या पोलिसाने बाईला तिचे हक्क, संरक्षण अधिकारी आणि मोफत कायदेशीर मदत यांची माहिती द्यायलाच हवी. तिला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून १८१ कडून मला फारशी आशा नव्हती. नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, एवढंच ठाऊक होतं. फोन दुकानाच्या मोबाइलवरून लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडच्या ताईंचा पहिला प्रश्न नाव-गावाचा नव्हता. "आत्ता बोलणं सुरक्षित आहे का?" दुसरा: "हा फोन कुणाचा आहे, नंतर कुणी तपासतं का?" तिचा मोबाइल रोज रात्री तपासला जायचा. कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, कुणाला किती मिनिटं, सगळं. हे आमच्या बोलण्यात आलंच नव्हतं, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून तसंच चालत आलेलं.

त्यानंतरचा एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. "कधी गळा दाबलाय का?" ती म्हणाली, "एकदाच." ताईंचा आवाज बदलला नाही, पण पुढचे प्रश्न लगोलग आले. आवाज बसला होता का, गिळताना दुखलं का, डोळ्यांसमोर अंधारी आली होती का. मग समजावून सांगितलं की गळा दाबल्यावर बाहेर खूण दिसतेच असं नाही, आतली सूज नंतर वाढू शकते, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत "गळा दाबला" असं सांगून तपासून घ्यायचं आणि कागद जपून ठेवायचा. नंतर मी याबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलं होतं की ज्या बाईचा जोडीदाराने आधी गळा दाबलेला असतो, तिचा त्याच्या हातून खून होण्याचा धोका सात पटींहून जास्त असतो. बंद गळ्याचे ब्लाऊज मी तिला वर्षभर शिवून दिले होते. हा एक प्रश्न विचारायचं ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या प्रशिक्षणाला मी पूर्ण गुण देते.

आता दारूचं. तिचा नवरा ट्रकवाला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा उसगाव-धारबांदोड्याच्या बाजूला दारोदारी ट्रक उभे राहिले, बँकांचे हप्ते थकले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. वाड्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: खाण बंद झाली, माणूस प्यायला लागला, डोकं फिरतं त्याचं. तीही तेच म्हणाली. ताईंनी विचारलं, "वसुलीला आलेल्या बँकेच्या माणसावर कधी हात उचलला का? बारमध्ये कुणावर?" नाही. "तुम्हाला मारताना तोंडावर मारतो का?" नाही, जिथे कपड्याखाली झाकलं जाईल तिथेच. हे तिच्या स्वतःच्या तोंडून निघालं, आणि ती थांबली. ज्याचं डोकं फिरलंय तो जागा निवडून मारत नाही. व्यसन आहे, कर्ज आहे, दोन्ही खरं. पण कुणाला मारायचं, कुठे मारायचं, दार लावून मारायचं, हे तो शुद्धीवर ठरवतो. कुणीही तिला "तुझा नवरा राक्षस आहे" असं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर ती त्याच्या बाजूने भांडली असती आणि फोन ठेवला असता.

"मग तू अजून तिथे का राहतेस?" हा प्रश्न तिला आईने विचारला होता, शेजारणीने विचारला होता, ठाण्यात विचारला होता. १८१ वर कुणी विचारला नाही. विचारलं ते असं: "आज रात्री घरी गेलात तर काय होईल असं वाटतं?" आणि "तुम्हाला आज काय हवंय?" तिला त्या दिवशी तक्रार नको होती. मुलाची परीक्षा जवळ होती. तिला फक्त हे हवं होतं की काही झालं तर कुणाला तरी आधीपासून माहीत असावं. ताई म्हणाल्या, ठीक. मग त्यांनी तिच्याकडून एक आखणी करून घेतली: घरात कुठल्या खोलीत थांबायचं नाही (स्वयंपाकघर, तिथे सुरी-कोयता असतो), कुठल्या दाराने बाहेर पडायचं, मुलांना कुणाच्या घरी धावायला सांगायचं, जीवावर बेतलं तर ११२. आधार कार्ड, लग्नाच्या नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, औषधाची चिठ्ठी हे सगळं घराबाहेर कुठेतरी ठेवायचं. ते माझ्या दुकानात अस्तराच्या कापडाच्या गठ्ठ्यांमागे बरेच दिवस होतं.

ती पुढे घरातून निघाली, आणि परत गेली. हे मुद्दाम लिहिते, कारण इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. तो माहेरी आला, रडला, नवी साडी आणली, देवळात शपथ घेतली. सासऱ्यांनी हात जोडले. माहेरी भावाने दोन खोल्यांतली एक दिली होती, ती किती दिवस देणार? तिच्या खात्यात पैसे नव्हते, काजूच्या हंगामातली मजुरीसुद्धा तोच घ्यायचा. आणि मनापासून तिला वाटत होतं की या वेळी सुधारेल. काही दिवस तो खरंच चांगला वागला. पाश्चात्त्य अभ्यासकांनी हे चक्र १९७९ पासून लिहून ठेवलंय: ताण वाढत जातो, स्फोट होतो, मग गोडीगुलाबी, मग पुन्हा ताण. शिवाय सगळ्यांत मोठा धोका बाई निघून जाते तेव्हा आणि निघाल्यानंतरच्या दिवसांत असतो, कारण तिच्यावरचा ताबा सुटलेला त्याला सहन होत नाही. म्हणजे जी थांबते तिला बऱ्याचदा बाहेरच्या आपल्यापेक्षा धोका जास्त कळलेला असतो.

दुसऱ्यांदा फोन करताना तिला फार लाज वाटत होती. समोरची बाई वेगळी होती, पण नोंद असावी, कारण सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. "परत गेलात हे बरं केलं की वाईट, ते मी ठरवणार नाही. आत्ता तुम्ही आणि मुलं कुठे आहात?" बस, एवढंच. एका दुसऱ्या ठिकाणी, समुपदेशनाची पाटी लावलेल्या एका जागी, तिला ऐकावं लागलं होतं की "तुम्ही बायका आमचा वेळ घालवता, चार दिवसांनी पुन्हा त्याच्याच ताटात जेवता." कुठलीही सेवा चांगली की वाईट हे मी आता एकाच गोष्टीवरून बघते: दुसऱ्या, तिसऱ्या वेळी आलेल्या बाईशी तिथली माणसं कशी बोलतात.

संरक्षण अधिकाऱ्यांकडे मी तिच्याबरोबर गेले. तिथे घरगुती घटनेचा अहवाल भरतात. तो फॉर्म मी नीट वाचला, आणि तो फॉर्मच खूप शिकवणारा आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक असे वेगवेगळे रकाने. भरणाऱ्या बाई प्रत्येक ओळ वाचून आपल्या बोलीत समजावत होत्या. मारहाणीच्या ओळींना ती पटापट हो म्हणत गेली. आर्थिकच्या रकान्यात "नोकरी-धंदा करू न देणे" आणि "पगार, मजुरी काढून घेणे" आलं तेव्हा तिने विचारलं, "हेसुद्धा लिहितात?" भावनिकमध्ये "ठरावीक माणसांना भेटू न देणे" होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. वर्षभर बहिणीच्या घरी गेली नव्हती, आणि आम्ही सगळे समजत होतो की बहिणींचं बिनसलंय.

तारखांचा प्रश्न तिथेही आला, पण त्या बाईंनी तो वेगळ्या तऱ्हेने सोडवला. "तेव्हा पाऊस होता का? शिगम्याच्या आधी की नंतर? मूल कितव्या इयत्तेत होतं?" असं विचारत गेल्या. मग मला माझी वही आठवली. लांब बाहीचा ब्लाऊज कधी टाकला, गळा कधी बंद केला, ट्रायलला ठरलेल्या दिवशी का आली नाही, सगळ्याच्या तारखा होत्या. ती पानं समोर ठेवल्यावर तिला एकेक रात्र जागेवर लावता आली. भीतीत घडलेलं माणसाला तुकड्यातुकड्यांनी आठवतं, ओळीने आठवत नाही. हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती खोटारडी वाटते.

वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या. बऱ्याच जणींना वाटतं, मोफत वकील फक्त गरिबीच्या दाखल्यावर मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही बाईला मिळतो, उत्पन्न कितीही असो. चौकशीसाठी १५१०० हा नंबर आहे. आमच्या वकीलबाई तरुण होत्या, कागदात बारकाईने बघणाऱ्या.

इथे गोव्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी कायदा आहे, लग्नाची नोंद दोन सह्यांनी होते, आणि वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे लोक म्हणतात, गोव्यातल्या बाईला कसली भीती, अर्धं तर तिचंच. कागदावर अर्धं तिचं असतं, पण हातात येतं ते घटस्फोट किंवा वाटणी झाल्यावर. आणि घर बहुतेकदा आजोबा-पणजोबांच्या नावावर, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, कधी झालेलीच नाही. तिच्या सासूने तेच सुनावलं होतं: "घर आमच्या मामंजींच्या नावावर, तुझा काय संबंध?" कुणीतरी तिला असंही सांगितलं होतं की आपल्याकडे वेगळा कायदा असल्यामुळे २००५ चा कायदा गोव्यात चालत नाही. साफ चूक. तो इथेही चालतो. त्याच्या कलम १७ प्रमाणे ज्या घरात ती संसार करत होती तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सून हा हक्क मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. वकीलबाईंनी पाच मिनिटांत हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीत सरळ बसली. तोवर ती खुर्चीच्या टोकाला बसली होती.

उणिवाही लिहिते. कोर्टात अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि पुढे ६० दिवसांत निकाल, असं कायद्यातच आहे. प्रत्यक्षात तारखा पडतच राहिल्या. अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मात्र मिळाला, त्याने तिला हात लावायचा नाही आणि घराबाहेर काढायचं नाही असा, आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या कागदाची एक प्रत तिने पर्समध्ये ठेवलीय. निवाऱ्याची सोय अपुरी आहे. सखी वन स्टॉप सेंटरच्या (हिंसा सोसलेल्या बायांसाठीचं सरकारी मदत केंद्र) योजनेत बाईला जास्तीत जास्त पाच दिवस राहता येतं, आणि सोबत मुलगा असेल तर बारा वर्षांपर्यंतचाच. ज्या बाईचा मुलगा तेरा-चौदाचा आहे तिने त्याला कुणाकडे ठेवायचं? त्याच बापाकडे? हा नियम बदलायला हवा. कित्येक बाया केवळ या कारणाने उंबरठ्यावरून मागे फिरत असतील.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. गोव्याचा आकडा आठ टक्क्यांच्या आसपास. आपण चांगले, असं म्हणून तो आकडा पुढे करणारे मी पाहिले आहेत. त्याच पाहणीत हेही आहे की देशात हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाची मदत मागितली. माझ्या दुकानात मोजमाप देणाऱ्या बायांचे चेहरे आठवून मला आठ हा आकडा पटत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर फोनवरच्या माणसांना पाच, संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या त्या बाईंना पाच, वकीलबाईंना साडेचार (अर्धा तारखांच्या गोंधळात कापला, तो त्यांच्या हातात नव्हता, तरी फोन उचलायला उशीर व्हायचा), निवाऱ्याच्या सोयीला दोन.

तुम्ही शेजारी किंवा नातेवाईक असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुणीही, अगदी त्रयस्थानेही, संरक्षण अधिकाऱ्यांना माहिती देता येते, आणि प्रामाणिकपणे दिलेली असेल तर देणाऱ्यावर कसलीही कारवाई होऊ शकत नाही. फक्त आधी त्या बाईशी एकटीने बोला, घरचं कुणी ऐकत नसताना. तिच्या फोनवर १८१ हा नंबर लिहून पाठवू नका, तोंडी सांगा. तीन आकडीच आहे, लक्षात राहतो.